कोर्टाची पायरी

गेल्या महिन्यात एका दुपारी फोन आला. "बाई, ओळखलंत का?" आवाज काही ओळखला नाही, पण ते "बाई" म्हणणं ओळखीचं होतं. चौतीस वर्षं तालुक्याच्या गावात मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे असे फोन अधूनमधून येतात. नाव सांगितल्यावर मात्र चेहरा लख्ख डोळ्यांपुढे आला. दुसऱ्या बाकावर बसणारी, दोन घट्ट वेण्या घालणारी, अक्षर मोत्यासारखं.

"बाई, माझ्या लेकीला सनद मिळाली. वकील झाली ती. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

मी अभिनंदन केलं, चार चौकश्या केल्या. फोन ठेवता ठेवता ती हसून म्हणाली, "शेवटी ती पायरी आमच्या घरानं चढली बघा, बाई."

फोन ठेवला आणि मी तशीच खुर्चीत बसून राहिले. तिच्या ते लक्षात होतं तर!

झालं होतं असं. १९८८ साल. दहावीचा निकाल लागला होता आणि ही मुलगी पेढे घेऊन घरी आली होती. तिचे वडील तालुक्याच्या कोर्टात शिपाई. पुढे काय करणार असं विचारल्यावर ती म्हणाली, "बाई, मला वकील व्हायचंय." आणि मी, तिची लाडकी बाई, काय म्हणाले? "अगं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्यातून मुलीच्या जातीनं तर नाहीच नाही. बारावी कर आणि डी.एड. ला जा. लवकर पायावर उभी राहशील."

तिनं ऐकलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला लागली, चांगली शिक्षिका झाली. मी इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या जमेच्या बाजूला मांडत आले होते. मी तेव्हा तसं का म्हणाले, याचा आता विचार करते तर उत्तर साधं आहे. आमच्या तालुक्याच्या कोर्टात मी एकही बाई काळ्या कोटात पाहिली नव्हती. आणि तिच्या समाजाचा तर पुरुषसुद्धा नाही. जे डोळ्यांना कधी दिसलं नाही ते होऊ शकत नाही, असं मी धरून चालले. आणि वर इतिहास शिकवत होते!

म्हणून गेला महिनाभर कपाटातली पुस्तकं काढून आणि नातवाकडून इंटरनेटवर शोधून घेऊन हाच विषय वाचते आहे. ही पायरी कोण कोण चढलं आणि चढल्यावर त्यांचं काय झालं, ते आज लिहिते.

सुरुवात आपल्या नाशिकपासूनच करावी लागते. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला कॉर्नेलिया सोराबजी जन्मली. वडील पारशी, पण ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना हिनं पुण्यात मुलींसाठी शाळा काढलेल्या. बेळगाव आणि पुण्यात ती वाढली, डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. पदवीच्या परीक्षेत तिचा क्रमांक असा आला की त्यावर विलायतेला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, आणि कारण एकच, की ती बाई होती. गंमत पाहा. हीच मुलगी मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना इंग्रजी शिकवू लागली. मुलग्यांना शिकवायला चालेल, पण मुलग्यांना मिळणारी शिष्यवृत्ती घेतलेली चालणार नाही!

शेवटी इंग्लंडातल्या काही मंडळींनी वर्गणी काढून तिची सोय केली. त्या वर्गणीत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचाही वाटा होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ साली ती बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेला बसली. ऑक्सफर्डमध्ये ही परीक्षा देणारी ती पहिली स्त्री, आणि तिला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती उत्तीर्ण झाली. पदवी? ती मिळाली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी. कारण ऑक्सफर्ड बायकांना परीक्षा देऊ देत असे, पण पदवी १९२० पर्यंत देत नसे. वर्गात बसा, पेपर लिहा, पास व्हा, फक्त प्रमाणपत्र मागू नका, अशी ही तऱ्हा.

ती हिंदुस्थानात परतली. मुंबईची एलएल. बी. झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. तरीही कोर्टात रीतसर उभं राहायची परवानगी नाही. कुठे एखाद्या संस्थानात, कुठे एखाद्या न्यायाधीशाच्या मर्जीनं उभं राहावं, एवढंच. एका संस्थानातला किस्सा तिनंच सांगून ठेवला आहे. एका हत्तीच्या चाऱ्यापाण्याच्या हक्कासाठी ती राजाच्या दरबारात बाजू मांडायला गेली. युक्तिवाद सुरू व्हायच्या आधीच राजानं निकाल तिच्या बाजूनं दिला, कारण काय, तर राजाच्या कुत्र्याला ती आवडली! वाचताना हसू येतं. पण दोन विद्यापीठांतून कायदा शिकलेल्या बाईला शेवटी कुत्र्याची पसंती उपयोगी पडावी, हे मनात येऊन हसू विरतं.

पण बाई वकील असण्याची गरज तरी होती का? कॉर्नेलियाच्या पुढच्या कामातच याचं उत्तर आहे. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या भागांत जमीनदार घराण्यातल्या कितीतरी विधवा पडदानशीन होत्या. नावावर मोठी इस्टेट, पण परक्या पुरुषापुढे यायचं नाही. मग वकिलाशी बोलणार कोण? दिवाणजी, दीर, कारभारी जे कागद पुढे करतील त्यावर अंगठा. कॉर्नेलियानं सरकारच्या मागे लागून लागून हे पटवलं की या बायकांसाठी बाईच कायदेसल्लागार हवी. १९०४ साली कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये तिची नेमणूक झाली. पुढच्या वीसेक वर्षांत बैलगाडीनं, पालखीनं, होडीनं हिंडत तिनं सुमारे सहाशे बायका आणि पोरकी मुलं यांची कामं मार्गी लावली.

याच्या जोडीला आपल्या मुंबईचा एक खटला आठवतो. कॉर्नेलिया कॉलेजात होती त्याच वर्षांत मुंबई हायकोर्टात दादाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारत होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, असं तिचं उत्तर होतं. (पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.) हा खटला मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. पण एक गोष्ट मला कधीच सुचली नव्हती. एका बाईच्या सगळ्या आयुष्याचा निवाडा चालला होता त्या दालनात न्यायाधीश पुरुष, दोन्हीकडचे बॅरिस्टर पुरुष, कारकून पुरुष. कायदा जाणणारी आणि बाईचं आयुष्य आतून जाणणारी एकही व्यक्ती तिथं नव्हती.

"व्यक्ती" या शब्दावरून पुढची गोष्ट सांगते.

१९१६ साली कलकत्त्याच्या रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर मुलीनं वकील म्हणून नाव नोंदवण्यासाठी अर्ज केला. वकिलांच्या १८७९ च्या कायद्यात, पात्र असलेल्या "व्यक्ती"ला नोंदणी मिळेल, अशा अर्थाची भाषा होती. मुली वर्ज्य आहेत असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. शिवाय कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तरी त्यात स्त्रियाही येतात, असा सर्वसाधारण नियम होताच. तरी हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी मिळून निकाल दिला, की हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बायका नव्हत्याच, सबब इथं "व्यक्ती" म्हणजे पुरुषच समजायचा. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज याच कारणानं फेटाळला गेला.

मराठी शिकवणारी मी! आपल्या भाषेत "व्यक्ती" हा शब्द मुळात स्त्रीलिंगी आहे. "ती व्यक्ती" म्हणतो आपण, मग ती व्यक्ती मिशीवाली का असेना. आणि तिकडे पाच विद्वान माणसं बसून ठरवतात की व्यक्तीमध्ये बाई येत नाही. पण हसून सोडून द्यावं असं हे नाही. त्या न्यायाधीशांचं म्हणणं काय होतं? पूर्वी कोणी पाहिलं नाही, म्हणून कायद्याच्या मनात नव्हतं, म्हणून होणार नाही. १९८८ साली पेढा खाता खाता मी त्या पोरीला जे सांगितलं ते याहून वेगळं होतं का? मला तरी फरक सापडत नाही.

पण भिंतीला चीर पडत होती. १९१९ मध्ये इंग्लंडनं कायदा करून बायकांना वकिली खुली केली. ऑगस्ट १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं कॉर्नेलियाचं नाव नोंदवून घेतलं. तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. आणि १९२३ साली खास कायदा झाला, की केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीला अपात्र ठरवता येणार नाही. रेजिना गुहा मात्र हे पाहायला राहिल्या नव्हत्या.

आता दार उघडलं. पण आत काय झालं?

त्याच १९२३ मध्ये मिठन टाटा (पुढच्या मिठन लाम) विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या स्त्री वकील झाल्या. भुलाभाई देसाईंच्या चेंबरमध्ये त्या शिकल्या. त्यांना पहिली ब्रीफ कशी मिळाली, तर अशिलाला आपली बाजू बळकट असल्याची खात्रीच होती आणि प्रतिपक्षाला एका बाईकडून हरवून त्याची फजिती करायची होती! म्हणजे काम मिळालं तेही अपमानाचं हत्यार म्हणून. मिठनबाईंनी ते घेतलं आणि पुढे नाव काढलं. कॉर्नेलियाला तेवढंही जमलं नाही. कलकत्त्यात तिनं वकिली सुरू केली, पण बरंचसं काम लेखी सल्ला देण्याचंच येई. शेवटी ती इंग्लंडला निघून गेली आणि १९५४ मध्ये तिथंच वारली. (तिचे राजकीय विचार मला पटत नाहीत, हेही सांगते. ती इंग्रजी राज्याची कट्टर पाठीराखी आणि गांधीजींची विरोधक होती. त्यामुळे आपण तिला विसरलो. पण पायरी झिजवणाऱ्याचं श्रेय त्याच्या मतांवरून नाकारू नये.)

आणि त्याच १९२३ मध्ये, त्याच मुंबई हायकोर्टात, आणखी एक बॅरिस्टर दाखल झाले. डॉ. भीमराव आंबेडकर. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. एवढी विद्या असलेला माणूस तेव्हा त्या बारमध्ये शोधूनच काढावा लागला असता. पण सनद घ्यायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं मदत केली. सनद मिळाली आणि खरी अडचण पुढे आली. हायकोर्टात तेव्हा बॅरिस्टरकडे काम येई ते सॉलिसिटरमार्फत. अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणार कोण? कायद्यानं त्यांना कुठंही अडवलं नव्हतं. नोंदणी झाली होती, कोट होता, गाऊन होता. फक्त ब्रीफ येत नव्हती. त्यांनी मुफस्सल कोर्टांतली छोटी कामं घेतली, शिकवण्या केल्या, परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत गोरगरिबांची गाऱ्हाणी ऐकली. १९२६ साली "देशाचे दुश्मन" पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांच्या बाजूनं पुण्यात अपील लढवून जिंकलं, तेव्हा लोकांना हा माणूस वकील म्हणून काय चीज आहे ते कळलं. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

या सगळ्यातून मला उमगलं ते एवढंच. नोंदवहीत नाव लागणं ही एक पायरी आणि हातात काम पडणं ही दुसरी. पहिली कायद्यानं चढता येते. दुसरी आतल्या माणसांनी हात दिल्याशिवाय चढता येत नाही. भुलाभाईंचं चेंबर, भथेनांचे पैसे, ऑक्सफर्डची वर्गणी, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हात दिला आहे. जिथं तो मिळाला नाही तिथली नावं आपल्याला ठाऊकच नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई, हा झाला शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास. आता किती बदललं! बदललं हे खरंच. १९५९ मध्ये अण्णा चांडी केरळ हायकोर्टाच्या न्यायाधीश झाल्या, १९८९ मध्ये फातिमा बीवी सुप्रीम कोर्टात गेल्या, १९९४ मध्ये सुजाता मनोहर मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. २००७ मध्ये के. जी. बालकृष्णन हे दलित समाजातले पहिले सरन्यायाधीश झाले. २०२५ मध्ये आपल्या अमरावतीचे भूषण गवई त्या खुर्चीवर बसले, ते नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले. आम्हा मराठी शाळेच्या मास्तर-बाईंची मान त्या दिवशी वीतभर उंच झाली होती.

पण २०२१ साली तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनीच सांगितलं होतं, की देशातल्या सुमारे सतरा लाख वकिलांत स्त्रिया फक्त पंधरा टक्के. आणि शंभरातल्या सव्वीस कोर्टांच्या आवारात बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृहच नाही. खेड्यातल्या शाळेत नोकरी केलेल्या बाईला या दुसऱ्या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. मुली शाळा का सोडतात याचं जे कारण आम्ही पाहिलं, तेच कारण काळा कोट घातला म्हणून नाहीसं होत नाही.

सनदेच्या पैशांचंही तेच. कायद्यानं नोंदणीचं शुल्क साडेसातशे रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे. पण राज्याराज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत वसूल करत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं हे बंद करायला सांगितलं आणि या जादा पैशांमुळे दुर्बल घटकांतल्या मुलांवर अन्याय होतो असं स्पष्ट म्हटलं. बाबासाहेबांना सनदेसाठी मित्रापुढे हात पसरावा लागला होता, त्याला तेव्हा एकशे एक वर्षं झाली होती.

हे वाचून झाल्यावर मी त्या माजी विद्यार्थिनीला उलट फोन केला. लेकीचं कसं चाललंय विचारलं. ती म्हणाली, "बाई, सनद झाली, पण सीनिअर मिळत नाही. जिल्हा कोर्टात मराठीत चालतं, तिथं ती वाघीण आहे. पण तिला हायकोर्टात जायचंय, तिथं सगळं इंग्रजीत. दोन ठिकाणी भेटून आली. एकानं विचारलं, घरात कोणी वकील आहे का? दुसरे म्हणाले, ये, पण पहिली दोन वर्षं पैशांचं विचारू नकोस. मुंबईत खोलीचं भाडं कुठून भरायचं मग?" (ज्युनिअरना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं आहे. पण सुचवलंच आहे.)

मग मी तिला १९८८ चं बोलले. म्हटलं, "चुकलंच माझं." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, वाईट काही झालं नाही माझं. पण माझ्या वर्गातली पोरगी असं काही म्हणाली ना, की मी ती म्हण तोंडातून काढत नाही." मला यापेक्षा मोठी शिक्षा नको आणि मोठी माफीही नको.

त्या म्हणीविषयी एवढंच म्हणते. ती आपल्याला भांडणापासून सावध करण्यासाठी आहे. पण ज्यांना न्याय हवा त्यांना ती पायरी चढण्यावाचून इलाज नसतो. रखमाबाई चढल्या, चवदार तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि १९३७ साली हायकोर्टात जिंकला गेला. शहाणे लोक पायरी चढले नाहीत, तर वर बसलेल्यांना खालचं कधी दिसायचंच नाही.

असो. बरंच लांबलं. आता शेवटचं, आणि हे मुद्दाम घरच्या मंडळींसाठी. आपल्या नात्यात तीन-चार वकील आहेत आणि माझं लिखाण ते वाचतात (निदान तसं म्हणतात तरी!). पुढच्या वेळी ऑफिसात ज्युनिअर ठेवताना ओळखीच्याच्या मुलाआधी एखाद्या शिपायाच्या नातीला बोलवा. तिचं इंग्रजी अडखळेल, तर सहा महिने धीर धरा. आणि महिन्याच्या महिन्याला पैसे द्या. नंबर माझ्याकडे आहे, फोन करा.